सार्वजनिक भूमीवरील हरणांची शिकार आणि मासेमारी (अमेरिका)

अमेरिकेत संघसरकारच्या व राज्यांच्या मालकीच्या वनांत, कुरणांत, सरोवरांत आणि नद्यांत परवाना काढून हरणाची शिकार करण्याची व गळाने मासे धरण्याची प्रथा. युरोपात शतकानुशतके हरीण हे राजाचे किंवा जमीनदाराचे मानले जाई आणि ते मारणाऱ्या गरिबाला जबर शिक्षा होई. अमेरिकेत त्याच्या उलट रूढ झाले. वन्य प्राणी कोणाच्या खासगी मालकीचा नाही, राज्य त्याचा केवळ विश्वस्त आहे, आणि ठरलेले शुल्क भरणाऱ्या कोणालाही शिकारीला जाता येते.

यासाठी लागणारी जमीन अफाट आहे. संघसरकारकडेच सुमारे 64 कोटी एकर, म्हणजे देशाच्या भूभागापैकी 28 टक्के जमीन आहे. तीत आठ महाराष्ट्रे मावतील. भूव्यवस्थापन ब्यूरोकडे सुमारे 24.5 कोटी एकर, तर वनसेवेकडे 19.3 कोटी एकर आहे. वाटणी मात्र फार विषम. नेवाडा राज्याचा सुमारे 80 टक्के भाग संघाचा, तर कनेक्टिकटमध्ये हे प्रमाण अर्धा टक्काही नाही. टेक्ससमध्ये बहुतेक सगळी जमीन खासगी असल्याने तिथला शिकारी हंगामापुरते रान भाड्याने घेतो. राष्ट्रीय उद्यानांत, काही अपवाद सोडले तर, शिकारीला बंदी असते. मासेमारी मात्र यलोस्टोनसारख्या उद्यानातही चालते.

जमीन संघाची आणि तिच्यावर चरणारे हरीण राज्याचे, या दुहेरी कारभारातून कसे तंटे निघतात ते अॅरिझोनातील कैबाब पठारावर दिसले. ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कडेवरचे हे पठार 1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी राखीव म्हणून जाहीर केले. शिकार थांबली. सरकारी शिकाऱ्यांनी लांडगे, प्यूमा आणि कोयोटी वेचून मारले. म्यूल हरणे वाढत गेली, झाडांची पोहोचतील तेवढी पाने त्यांनी ओरबाडली आणि 1920 च्या दशकात ती हिवाळ्यात उपासमारीने मरू लागली. नेमकी किती वाढली आणि किती मेली यावर शास्त्रज्ञांत पुढे बराच वाद झाला; पठार चरून फस्त झाले होते याबद्दल मात्र फारसा वाद नाही.

उपाय म्हणून जे केले ते एखाद्या फार्समध्ये शोभावे असे होते. डिसेंबर 1924 मध्ये घोडेस्वार आणि घंटा वाजवत चालणारी माणसे यांची फळी धरून हरणे दरीत उतरवायची, कोलोरॅडो नदी पोहून पार करवायची आणि दक्षिण कडेवर चढवायची असा बेत ठरला. कादंबरीकार झेन ग्रे हजर होते, चित्रपटाचे कॅमेरेही लागले होते. बर्फ पडू लागले, हरणे हाकाऱ्यांच्या फळीतून मागच्या मागे निसटली आणि एकही पलीकडे गेले नाही. मग वनसेवेने हरणे मारायला घेतली, तर ती मारणाऱ्यांना राज्याने शिकारकायदा मोडला म्हणून पकडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1928 मध्ये निकाल लागला की आपल्या वनाची नासाडी थांबवण्यासाठी संघसरकार हरणे मारू शकते, राज्याचा कायदा आड येत नाही. एरवी मात्र हंगाम, संख्या आणि परवाने राज्यच ठरवते, आणि आज कैबाबवर म्यूल हरीण मारण्याची परवानगी सोडतीत नाव निघाले तरच मिळते.

सोडत हा पश्चिमेकडील राज्यांतील शिकाऱ्यांचा कायमचा विषय. अर्ज करायचा, नाव निघाले नाही तर अनेक राज्यांत एक गुण खात्यावर जमा होतो, आणि नावाजलेल्या रानासाठी दहा-पंधरा वर्षे गुण साठवणारे लोक आहेत. त्याआधी शिकार-शिक्षणाचा वर्ग पूर्ण करावा लागतो. तो सक्तीचा करण्याची सुरुवात न्यूयॉर्क राज्याने 1949 मध्ये केली. बंदुकीच्या हंगामात बहुतेक राज्ये भडक नारिंगी कपड्यांची सक्ती करतात. हरीण पडले की त्याला परवान्याचा टॅग लावायचा. नंतर आतडी काढून मांस लवकर थंड करायचे आणि पाठीवर लादून डोंगर उतरायचा. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे अनेक राज्यांत गुन्हा आहे, आणि शिकारीचे मांस बाजारात विकता येत नाही.

विक्रीवरील या बंदीमागे एक कटू अनुभव आहे. एकोणिसाव्या शतकात धंदेवाईक शिकारी हरणांचे मांस आणि कातडी गाड्या भरभरून शहरांत पाठवत. 1900 च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणे देशभरात अवघी काही लाख उरली होती. आज ती सुमारे तीन कोटी आहेत. 1900 च्या लेसी कायद्याने चोरट्या शिकारीचा राज्याबाहेरील व्यापार रोखला. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली व काडतुसांवरील 11 टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठी बांधून दिला. परवान्याचे पैसे दुसरीकडे वळवणाऱ्या राज्याला त्यातला छदामही मिळत नाही, ही त्यातली खरी मेख. 1950 मध्ये मासेमारीच्या सामानावरील कराचीही तशीच सोय झाली. जो मारतो त्याच्याच खिशातून राखणीचा खर्च, ही व्यवस्था ऐकायला विचित्र वाटते, पण तिने काम केले आहे. तिचा दोषही उघड आहे: ज्यांची शिकार होत नाही अशा बेडकांच्या, वटवाघळांच्या वाट्याला पैसा कमी येतो.

शिकारीचा हंगाम हा उत्तरेकडे सणच असतो. मिशिगनमध्ये बंदुकीचा हंगाम 15 नोव्हेंबरला उघडतो आणि काही गावांत त्या दिवशी शाळांना सुट्टी असते.

मासे धरणारे शिकाऱ्यांहून कितीतरी अधिक. 2022 च्या राष्ट्रीय पाहणीत शिकारी सुमारे 1 कोटी 44 लाख, तर गळ टाकणारे जवळपास 4 कोटी होते. मोंटानाच्या 1985 च्या कायद्यानुसार नदीत उतरण्याची रीतसर जागा मिळाली की पाण्याच्या नेहमीच्या कमाल पातळीच्या खुणेपर्यंतच्या पात्रातून कोणालाही मासे धरत जाता येते, दोन्ही काठ खासगी असले तरी. मिनेसोटातील बाउंडरी वॉटर्स या दहा लाख एकरांहून मोठ्या रानात हजारावर तळी आहेत. बहुतेक ठिकाणी इंजिनाची होडी चालत नाही, एका गटात नऊ माणसे आणि चार होड्या एवढीच मुभा, आणि एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना होडी डोक्यावर घेऊन चालावे लागते. तिथे वॉलआय आणि पाइक हे मासे मिळतात.

यलोस्टोन सरोवराची गोष्ट याहून गुंतागुंतीची. तिथला मूळचा कटथ्रोट ट्राउट धरला तर सोडून द्यावा लागतो. 1994 मध्ये तिथे परका लेक ट्राउट सापडला. कोणीतरी तो चोरून सोडला होता आणि तो कटथ्रोट फस्त करत होता. त्यामुळे तो गळाला लागला तर मारलाच पाहिजे असा नियम आहे. गंमत अशी, की अमेरिकेत ज्याच्या मागे हौशी मंडळी वेडी असतात तो ब्राउन ट्राउटही पाहुणाच. 1880 च्या दशकात तो जर्मनीहून अंड्यांच्या रूपात आला.

सध्याचा मोठा झगडा वाटेचा आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एक चौकोन सोडून एक अशी जमीन दिली गेल्याने पश्चिमेत सरकारी आणि खासगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी झाली. सरकारी चौकोन कोपऱ्याला कोपरा लागून असतात, पण कोपऱ्यावरून पाऊल टाकले तर शेजारच्या खासगी हवेतून गेल्याचा आरोप. वायोमिंगमध्ये 2021 साली मिसूरीच्या चार शिकाऱ्यांनी कोपऱ्यावर शिडी लावून ती हद्द ओलांडली. ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले आणि 2025 मध्ये संघीय अपील न्यायालयाने दिवाणी दाव्यातही त्यांची बाजू उचलून धरली. त्याच वर्षी सार्वजनिक जमिनी विकण्याचा सिनेटमधला प्रस्ताव मागे घ्यावा लागला. विरोधात पर्यावरणवाद्यांच्या बरोबरीने बंदूकवाले आणि गळवाले होते.

या भूमीला ‘सर्वांची’ म्हणताना तिचे मूळचे रहिवासी विसरले जातात. 1868 च्या तहाने क्रो जमातीला दिलेला शिकारीचा हक्क वायोमिंग राज्य झाल्याने संपला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य करायला 2019 साल उजाडले.

हरणांवर रोगाचेही सावट आहे. 1967 मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त म्यूल हरणांत पहिल्यांदा दिसलेला, प्रथिनांच्या बिघाडातून होणारा आणि मेंदू पोखरून शरीर झिजवणारा रोग आता अनेक राज्यांत पसरला आहे. त्यावर इलाज नाही. म्हणून हरणाचा मेंदू व पाठीचा कणा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बऱ्याच ठिकाणी बंदी आहे.

अमेरिकेत शिकार होणाऱ्या हरणांत मराठी वाचकाला ओळखीचा एक प्राणीही आहे. भारतातला चितळ 1868 मध्ये हवाईच्या राजाला भेट म्हणून मोलोकाई बेटावर पोहोचला. आज तिथल्या बेटांवर तो इतका वाढला आहे की लानाई बेटावर राज्यच त्याच्या शिकारीचा हंगाम भरवते. भारतात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1991 ची दुरुस्ती यांनंतर चितळाची हौशी शिकार हा गुन्हा आहे. अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी माणसाला बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे, पण वैध शिकार-परवाना हा त्या मनाईला असलेला एक अपवाद आहे. गळ टाकण्याला अशी आडकाठी नाही, मात्र परवाना लागतोच. तिथे नोकरीनिमित्त राहणाऱ्यांनी आणि मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी नदीवर जाण्यापूर्वी त्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचावी. कोणता मासा ठेवायचा, कोणता सोडायचा, हे एकाच नदीच्या दोन टप्प्यांतही बदलते.