छिद्रात मुरलेला वायू

जळणारा बर्फ म्हणून मिथेन हायड्रेटच्या पांढऱ्या खड्यांची छायाचित्रे आपण पाहतो. निसर्गात मात्र तो बहुतेक ठिकाणी गाळात आणि खडकात दडलेला असतो: समुद्रतळाखाली, किंवा ध्रुवीय प्रदेशातल्या कायम गोठलेल्या जमिनीखाली. तिथल्या छिद्रांचा आकार त्याचा स्वभाव बदलतो, हे मोजून कळायला विज्ञानाला एकशेऐंशी वर्षे लागली.

हायड्रेटच्या कुळाचा मूळपुरुष क्लोरिन. थंडीत मिळणारे क्लोरिनचे स्फटिक निव्वळ क्लोरिनचे नाहीत, त्यांत पाणीही आहे, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८१०-११ मध्ये लंडनला दाखवले. १८२३ मध्ये मायकेल फॅराडे यांनी त्यातले पाण्याचे प्रमाण काढले. १८८८ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिलार यांनी मिथेनचे हायड्रेट बनवले. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून पिंजरे बांधतात आणि एकेका पिंजऱ्यात मिथेनचा एकेक रेणू अडकतो. सगळे पिंजरे भरले, तर एक घनमीटर हायड्रेटमध्ये साधारण १६४ घनमीटर वायू मावतो. पण हे पिंजरे टिकायला दाब लागतो. शून्य अंश सेल्सिअसला हवेच्या दाबाच्या सुमारे २६ पट.

१९३४ मध्ये अमेरिकेत हॅमरश्मिट यांनी दाखवले की नैसर्गिक वायूच्या नळांत अडकणारा गोळा साध्या बर्फाचा नसून हायड्रेटचा असतो. तोवर प्रयोगशाळेतले नवल असलेला हा पदार्थ एकदम अभियंत्यांची डोकेदुखी झाला. १९६०च्या दशकात सोव्हिएत रशियात युरी मकोगन यांनी सच्छिद्र खडकातही हायड्रेट बनू शकते, हे प्रयोगाने दाखवले आणि छिद्रांच्या कथेला तिथून सुरुवात झाली.

नेमके मोजमाप १९९२ मध्ये आले. हांडा आणि स्तुपिन यांनी सात नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रांचे सिलिका जेल घेतले आणि त्यात मिथेनचे व प्रोपेनचे हायड्रेट बनवले. मोकळ्या हायड्रेटला टिकायला जितका दाब लागतो, त्यापेक्षा इथे २० ते १०० टक्के जास्त लागला. याचे कारण पृष्ठभागात आहे. स्फटिक जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने मोठा, आणि पृष्ठभाग राखायला ऊर्जा खर्च होते. शिवाय भिंतीला चिकटलेला पाण्याचा पातळ थर पिंजरे बांधायच्या कामी येत नाही. म्हणून छिद्र लहान होत जाते तसे हायड्रेट अधिक दाब किंवा अधिक थंडी मागते. १९९९ मध्ये जपानच्या उचिदा आणि सहकाऱ्यांनी सच्छिद्र काचेत हाच नियम पडताळला: छिद्र निम्मे झाले की विघटनाचे तापमान साधारण दुप्पट खाली सरकते.

शून्याखाली मात्र तेच छिद्र हायड्रेटला सांभाळते. दाब कमी केल्यावर थोडे हायड्रेट फुटते, वायू निघून जातो आणि सुटलेले पाणी छिद्राच्या तोंडाशीच गोठते. बाटलीला बूच बसावे तसा हा बर्फ बसतो. आत भिंती आणि बर्फ यांच्यामध्ये कोंडलेले हायड्रेट मग छिद्रातला बर्फ वितळेपर्यंत टिकून राहते, असे हांडा आणि स्तुपिन यांना दिसले. छिद्रातला बर्फ बाहेरच्या बर्फापेक्षा काही अंश आधीच वितळतो, म्हणून हे बूचही शून्याच्या थोडे अलीकडेच सुटते. जन्माला कठीण, पण जन्मल्यावर चिवट, असा हा स्वभाव आहे.

भिंत कसली आहे, यानेही फरक पडतो. २०१५ मध्ये स्पेनमधल्या अलिकांते विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह पाण्याने भिजवलेल्या सच्छिद्र कार्बनमध्ये २ अंश सेल्सिअस आणि ३५ बार दाबाला काही मिनिटांत मिथेन हायड्रेट बनवले. साध्या पाण्यात हे काम फार संथ चालते. वायू साठवण्याचा एक नवा मार्ग त्यातून दिसला.

हे ज्ञान आपल्या दारी येते ते कृष्णा-गोदावरी खोऱ्यात. २००६ च्या भारतीय मोहिमेत तिथल्या समुद्रतळाखाली हायड्रेटचा जाड थर सापडला, पण तो चिकणमातीत. चिकणमातीची छिद्रे इतकी बारीक, की हायड्रेट त्यांत न मावता भेगांमध्ये साठले होते. अशा मातीतून वायू वाहून आणणे अवघड. म्हणूनच २०१५ च्या मोहिमेने जाड वाळूचे थर शोधले, कारण वाळूची छिद्रे मोठी असतात आणि दाब उतरवला की वायूला वाट मिळते.

समुद्राखाली किती वायू आहे, याचे मोठमोठे आकडे वारंवार छापले जातात. तो वायू कसल्या गाळात आणि केवढ्या छिद्रांत आहे, हे सोबत सांगितले नसेल, तर त्या आकड्यावर देशाच्या इंधनाची आखणी करू नये.