मनोरुग्णालयात संमतीविना दाखल करणे (भारत)

मनोरुग्णालयात संमतीविना दाखल करणे म्हणजे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस तिच्या स्वतःच्या संमतीवाचून उपचारासाठी रुग्णालयात ठेवणे. भारतात यासंबंधीची कार्यपद्धती मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये ठरते. हा अधिनियम २९ मे २०१८ रोजी अमलात आला.

पार्श्वभूमी

१९१२ च्या ब्रिटिशकालीन कायद्याचा रोख उपचारापेक्षा व्यक्तीला समाजापासून अलग ठेवण्यावर होता. 'ठाण्याला पाठवणे', 'येरवड्याला पाठवणे' हे मराठी बोलण्यातले शब्दप्रयोग त्याच दृष्टीचे अवशेष होत. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने भाषा सौम्य केली. तथापि नातेवाइकाचा किंवा मित्राचा अर्ज आणि दोन वैद्यकीय प्रमाणपत्रे यांच्या आधारे रुग्णास ९० दिवसांपर्यंत ठेवता येत असे. भारताने २००७ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली. त्याच्याशी सुसंगती आणण्यासाठी नवा कायदा करण्यात आला.

सध्याची तरतूद

शक्य तोवर रुग्ण स्वेच्छेनेच दाखल व्हावा, हे नव्या अधिनियमाचे मूळ सूत्र आहे. कलम ८९ अन्वये रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून त्याला जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी दाखल करता येते. हा प्रतिनिधी रुग्णाने स्वतः आधीच नेमलेला असू शकतो. तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी रुग्णास स्वतंत्रपणे तपासावे लागते. केवळ आजाराचे निदान पुरेसे नाही. स्वतःला इजा करण्याचा अलीकडचा प्रयत्न वा धमकी, इतरांप्रती हिंसक वर्तन, किंवा धोका उद्भवेल इतकी स्वतःची काळजी घेण्यातील असमर्थता, यांपैकी काहीतरी आढळले पाहिजे. अशा दाखल्याची माहिती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळास सात दिवसांत द्यावी लागते. स्त्रिया व अल्पवयीन यांच्या बाबतीत ही मुदत तीन दिवसांची आहे. रुग्ण मंडळाकडे दाद मागू शकतो. तीस दिवसांपुढे ठेवायचे असल्यास कलम ९० लागू होते: दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी, मंडळाची मान्यता, आणि प्रथम ९०, नंतर १२०, त्यापुढे १८० दिवसांची कमाल मर्यादा.

मतभेद व अंमलबजावणी

संमतीविना कोणतेही दाखल करणे वरील कराराशी विसंगत आहे, असे अपंग हक्क चळवळीतील काहींचे मत आहे. याउलट, कागदपत्रांमुळे तातडीच्या उपचारास विलंब होतो आणि प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्या कुटुंबाचे स्थान दुय्यम ठरते, असे अनेक मनोविकारतज्ज्ञ म्हणतात. ही दुसरी तक्रार अगदीच निराधार नाही. परंतु पूर्वीच्या कायद्यात नातेवाइकांच्या शब्दाला असलेले वजन काही वेळा रुग्णाच्याच विरोधात वापरले गेले, हेही ध्यानात घ्यावे लागते.

या साऱ्या मुदतींचा अर्थ मंडळ अस्तित्वात असण्यावर अवलंबून आहे. अनेक राज्यांत मंडळे स्थापन होण्यास काही वर्षे लागली. त्या काळात रुग्णाचा दाद मागण्याचा अधिकार कागदावर होता, पण अर्ज ऐकणारे कोणी नव्हते. बरे होऊनही कुटुंबाने परत न नेल्यामुळे रुग्णालयातच राहिलेल्यांचा प्रश्न त्याहून जुना आहे. अशा व्यक्तींना भिक्षेकरीगृहे व वृद्धाश्रमांत हलवण्याची महाराष्ट्रातील प्रथा थांबवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले.