न्यूरेंबर्गच्या चौकातला नाताळ

नाताळ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला आहे, याची आठवणही आपल्याला राहत नाही. शाळेला नाताळची सुट्टी लागते, नाताळात गोव्याला जायचे बेत होतात. हा शब्द पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला. तीच जहाजे परतताना इथली मिरी, सुंठ आणि दालचिनी भरून घेऊन जात. ही मिरी पुढे कुठे कुठे जात होती, याचा माग काढत गेलो तर वाटेत जर्मनीतले एक जुने शहर लागते. त्याचे नाव न्यूरेंबर्ग. आज या शहराच्या नाताळाविषयी, आणि ज्या चौकात तो साजरा होतो त्या चौकाविषयी बोलायचे आहे.

युरोपात नाताळ पाहायला जाणाऱ्यांची पावले न्यूरेंबर्गकडे वळतात ती तिथल्या नाताळबाजारामुळे. जर्मन भाषेत त्याला ‘क्रिस्टकिंडलेसमार्क्ट’ म्हणतात. म्हणजे बाळ येशूचा बाजार. नाताळच्या आधीचे चार रविवार ख्रिस्ती लोक विशेष मानतात. त्यातल्या पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी हा बाजार उघडतो आणि २४ डिसेंबरच्या दुपारी बंद होतो. तेव्हा पंचवीस तारखेला बाजार पाहू, असा बेत कुणी आखला असेल तर त्याची निराशा होईल. जर्मनीत पंचवीस आणि सव्वीस तारखेला दुकाने बंद असतात. लोक घरात असतात.

बाजार म्हणजे आपल्या जत्रेतली पालेच. लाकडी दुकाने, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे कापड, अशी सुमारे १८० दुकाने मुख्य चौकात दाटीवाटीने उभी राहतात. प्लॅस्टिकच्या माळा लावायच्या नाहीत, ध्वनिवर्धकावर गाणी वाजवायची नाहीत, असे नगरपालिकेचे नियम आहेत. ज्याचे दुकान सर्वात देखणे, त्याला बक्षीस मिळते. दरवर्षी २० लाखांच्या आसपास माणसे इथे येतात. लहान मुलांसाठी जवळच वेगळा बाजार असतो. एका संध्याकाळी शाळेतली हजाराहून अधिक मुले स्वतः बनवलेले कंदील हातात घेऊन किल्ल्याकडे चालत जातात. थंडीत, अंधारात, चढाच्या रस्त्याने जाणारी ती दिव्यांची रांग पाहण्यासारखी असते.

विकत काय घ्यावे? सुकवलेल्या आलुबुखारांच्या छोट्या बाहुल्या मिळतात. अंग सुक्या फळांचे आणि डोके अक्रोडाचे. पितळेच्या पातळ पत्र्याची सोनेरी देवदूत-बाहुली मिळते. तिच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात, की तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाहुल्या बनवणाऱ्या कारागिराची लहान मुलगी वारली. एका रात्री ती त्याला देवदूताच्या रूपात दिसली, आणि त्याने ते रूप पत्र्यात उतरवले. गोष्ट खरी की खोटी, कोण जाणे. पण सणाच्या बाजारातली सर्वात चमकदार वस्तू दुःखातून निघाली, असे त्या गावाला सांगावेसे वाटते, हे मला महत्त्वाचे वाटते.

आणि लेबकुखेन. मध, बदाम-अक्रोड आणि मसाले घालून केलेली ही जाड, मऊ बिस्किटे. न्यूरेंबर्गभोवतीच्या जंगलात मध भरपूर होता. मसाले व्यापाराने आणले. चिकट पीठ भट्टीत खाली लागू नये म्हणून ते एका पातळ चकतीवर थापतात. चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात तशीच ही चकती. मठांच्या स्वयंपाकघरातून ही युक्ती आली. १६४३ साली लेबकुखेन करणाऱ्यांचा वेगळा व्यवसायसंघ झाला. यातला उत्तम प्रकार ‘एलिझेन’. त्यात मैदा दहा टक्क्यांहून जास्त चालत नाही आणि बदाम, अक्रोड, हेझलनट मिळून निदान पाव हिस्सा लागतात. जुन्या काळी अशा बिस्किटांना ‘मिरीची बिस्किटे’ म्हणत, कारण दूरदेशाहून आलेला कोणताही मसाला त्यांच्या लेखी मिरीच होता. श्रीमंत व्यापाऱ्यांना तर लोक ‘मिरीची पोती’ म्हणून चिडवत.

इथे आपला धागा जुळतो. १५०५ साली फ्रान्सिस्को द अल्मेडा पोर्तुगालहून आरमार घेऊन हिंदुस्थानकडे निघाला. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर त्याने किल्ला बांधला. त्या आरमारातल्या तीन जहाजांमध्ये ऑग्सबर्ग आणि न्यूरेंबर्गच्या सावकारांचा पैसा होता. पुढे दहा वर्षांनी, १५१५ मध्ये, गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोहोचला. त्याचे वर्णन आणि रेखाटन न्यूरेंबर्गला आले, आणि तिथल्या आल्ब्रेख्त ड्यूररने गेंडा डोळ्यांनी न पाहता त्याचे चित्र लाकडावर कोरले. त्या चित्रातल्या गेंड्याच्या पाठीवर नसलेले एक शिंग आहे, आणि अंगावर चिलखत चढवल्यासारख्या घड्या. तरीही पुढे कितीतरी वर्षे युरोपने गेंडा असाच असतो असे मानले. दूरच्याला न पाहता त्याचे चित्र काढायची सवय माणसाला जुनीच. ड्यूररचे घर आजही किल्ल्याच्या पायथ्याशी उभे आहे. बाजारातून चालत तिथे जाता येते.

संध्याकाळी चौकात गरम वाइनचे कप फिरू लागतात. दालचिनी, लवंग घातलेली ही वाइन. कपासाठी अनामत रक्कम ठेवावी लागते. कप परत दिला की पैसे परत. पुष्कळजण आठवण म्हणून कप घेऊनच जातात. जे दारू घेत नाहीत त्यांच्यासाठी फळांच्या रसाचे तसेच गरम मसालेदार पेय मिळते. बोटाएवढी तीन सॉसेज पावात घालून देतात, ती डुकराच्या मांसाची असतात. ज्यांना चालत नाहीत त्यांनी भाजलेले चेस्टनट घ्यावेत. मी हे मुद्दाम सांगतो. परक्याच्या सणात सामील व्हायचे म्हणजे आपले सगळे सोडावे लागते, अशी एक समजूत असते. ती खरी नाही. माझ्या घरी येशूला हजरत ईसा म्हणतात, आणि त्यांच्या आईच्या, मरियमच्या नावाचा अख्खा अध्याय कुराणात आहे. ताटात काय घ्यायचे एवढेच ठरवायचे असते. मनात जागा असली की पुरे.

आता त्या चौकाकडे वळू. चौकाच्या एका बाजूला फ्राउएनकिर्खे, म्हणजे मरियमचे चर्च आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर १५०९ सालचे घड्याळ आहे. रोज दुपारी बारा वाजता त्यातून सात बाहुल्या निघतात आणि मध्ये बसलेल्या सम्राटाला तीन प्रदक्षिणा घालतात. सात जण म्हणजे सम्राट निवडण्याचा अधिकार असलेले सात सरदार आणि धर्मगुरू. मधला सम्राट म्हणजे चौथा चार्ल्स. ही निवडणूक कशी व्हावी याचा प्रसिद्ध कायदा त्याने १३५६ मध्ये केला, त्याची ही आठवण. पर्यटक माना वर करून पाहतात, फोटो काढतात.

पण हा चौक आला कुठून? १३४९ पर्यंत इथे चौक नव्हता. इथे ज्यूंची वस्ती होती, त्यांचे प्रार्थनामंदिर होते. त्या वर्षी १६ नोव्हेंबरला याच चौथ्या चार्ल्सने शहराला परवानगी दिली, की ज्यूंची घरे पाडा आणि तिथे बाजाराची जागा करा. प्रार्थनामंदिराच्या जागी मरियमचे चर्च बांधा. ज्यू माणसे सम्राटाच्या संरक्षणाखाली होती. त्या संरक्षणाचा करही ती भरत होती. परवानगीनंतर तीन आठवड्यांच्या आत, ५ डिसेंबरला, दंगल झाली आणि ५६२ ज्यूंना जाळून मारले गेले. ही संख्या ज्यूंनी जपलेल्या मृतांच्या यादीतून आपल्याला कळते. आज ५ डिसेंबरला या चौकात बाजार ऐन भरात असतो.

हे ऐकून कुणी म्हणेल, सणासुदीला हे कशाला? पण जागेचा इतिहास सण पाहून सुट्टीवर जात नाही. शिवाय त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दंगल आपोआप भडकते असे आपण म्हणतो. न्यूरेंबर्गमध्ये आधी कागद झाला, मग आग लागली.

बाजाराचा पहिला लेखी पुरावा १६२८ सालचा आहे. भेट म्हणून दिलेल्या एका रंगीत लाकडी डबीवर या बाजाराचे नाव आणि ते साल लिहिलेले आहे. १७३७ च्या यादीत १४० विक्रेते दिसतात. म्हणजे शहरातले जवळजवळ सगळे कारागीर. एकोणिसाव्या शतकात बाजाराची रया गेली आणि तो या चौकातून त्या चौकात फिरत राहिला. १९३३ मध्ये त्याला मुख्य चौकात परत आणले ते नाझींनी. चौकाचे नाव तेव्हा हिटलरचे झाले होते. उद्घाटनाला मुलीला बाळ येशूच्या दूताचा वेष देऊन उभे करण्याची थाटाची प्रथा त्याच वर्षी सुरू झाली. जुन्या जर्मन परंपरेचे हे प्रदर्शन होते. दोन वर्षांनी, १९३५ मध्ये, याच शहरात ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे जाहीर झाले. पुन्हा आधी कागदच.

मग युद्ध आले आणि बाजार बंद पडला. २ जानेवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी सुमारे तासाभरात जुने शहर उद्ध्वस्त केले. अठराशेहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला याच शहरात नाझी पुढाऱ्यांवर खटला सुरू झाला. नाताळासाठी न्यायालयाला सुट्टी होती, पण चौकात बाजार नव्हता. होते ते ढिगारे. १९४८ साली त्या ढिगाऱ्यांतच बाजार पुन्हा भरला. फ्रीडरिश ब्र्योगर यांनी उद्घाटनासाठी नवे पद्य लिहिले आणि सोफी केझर या अभिनेत्रीने चर्चच्या सज्जातून ते म्हटले. प्रथा नाझींच्या काळातली, शब्द नवे. सण टाकून देण्यापेक्षा तो वाईट हातांतून सोडवून घेणे अवघड असते. त्या शहराने अवघड काम निवडले.

१९६९ पासून ही भूमिका करायला अभिनेत्री नसते. दर दोन वर्षांनी शहरातल्याच एका मुलीची निवड होते. वय सोळा ते एकोणीस, उंची निदान एक मीटर साठ सेंटिमीटर, आणि उंचावर उभे राहायची भीती नको. सोनेरी कुरळ्या केसांचा टोप, मुकुट आणि पांढरा-सोनेरी झगा घालून ती उद्घाटन करते. नंतर महिनाभर रुग्णालये, वृद्धाश्रम, बालवाड्या यांना भेटी देत फिरते.

२०१९ मध्ये सतरा वर्षांची एक मुलगी निवडून आली. जन्म न्यूरेंबर्गचा, आई जर्मन, वडील मूळ भारतातले. उजव्या विचारांच्या एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेने लगेच समाजमाध्यमांवर टोमणा मारला. आता आमची गतही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसारखी होणार, असा त्याचा आशय होता. म्हणजे मुलगी सावळी आहे, तेव्हा ती आमची नाही. पण या वेळी शहराने वेगळे उत्तर दिले. देशभरातून हजारो लोक तिच्या बाजूने बोलले. शाखेला मजकूर काढून माफी मागावी लागली. नोव्हेंबरअखेर ती मुलगी सज्जात उभी राहिली आणि तिने साऱ्या जगाला बाजाराचे आमंत्रण दिले. तो सज्जा कोणत्या चर्चचा आणि समोरचा चौक कोणता, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

सगळे मिटले, असे मी म्हणणार नाही. डिसेंबर २०१६ मध्ये बर्लिनच्या नाताळबाजारात एकाने ट्रक घातला आणि माणसे चिरडली. ते कृत्य माझ्या धर्माचे नाव घेऊन केले गेले. त्या नावाने केलेला खून मला माझ्या घरात झालेल्या खुनासारखा वाटतो. तेव्हापासून जर्मनीतल्या अशा बाजारांच्या तोंडाशी काँक्रीटचे अडथळे आणि पोलीस दिसतात. डिसेंबर २०२४ मध्ये माग्देबुर्गला पुन्हा तसेच घडले. या वेळी मोटार चालवणारा सौदी अरेबियातून आलेला आणि स्वतःला इस्लामचा विरोधक म्हणवणारा होता. द्वेषाला कोणताही झगा चालतो. आणि तरीही लोक मुले घेऊन बाजाराला येतात. करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये न्यूरेंबर्गचा बाजार भरला नाही. २०२२ मध्ये गर्दी परत आली.

कधी डिसेंबरात त्या बाजूला गेलात, तर लेबकुखेन जरूर खा. चौकातल्या उंच कारंज्याच्या जाळीत एक सोनेरी कडी आहे, ती फिरवून लोक मनातली इच्छा मागतात, तुम्हीही मागा. संग्रहालयाशेजारच्या गल्लीत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची तीस कलमे खांबांवर कोरली आहेत, ती पाहा. दानी कारावान या इस्रायली शिल्पकाराने हे काम १९९३ मध्ये पुरे केले. दुपारी बाराला घड्याळातल्या बाहुल्याही पाहा. मग फ्राउएनकिर्खेत आत जा आणि खाली नजर टाका. पाडलेल्या प्रार्थनामंदिराची आठवण म्हणून तिथल्या जमिनीत ज्यूंचा षट्कोनी तारा बसवला आहे. वर सम्राट बसला आहे, खाली तारा आहे. दोन्ही पाहिले म्हणजे तो चौक पाहिला असे म्हणता येईल.