मेस्त्रींचा कॅमेरा आणि त्याचे गडी

कोल्हापुरात ‘नाद’ हा शब्द जरा जपूनच वापरावा लागतो. कुस्तीचा नाद, गाण्याचा नाद, नाटकाचा नाद. एकदा लागला की माणूस घड्याळही विसरतो आणि पैसाही. आमच्या कॉलेजातल्या काही मुलामुलींना हल्ली एक नवाच नाद लागला आहे. ती मिळून स्वतःचा व्हिडिओ गेम तयार करीत आहेत. कुणी चित्रे काढतो, कुणी संगणकाचा प्रोग्राम लिहितो, एक मुलगी संगीत बसवते. पाठीशी कंपनी नाही, पगार कुणालाच नाही. त्यांनी मला विचारले, “सर, असलं कुणी आधी केलंय का?” मी पडलो इतिहासाचा मास्तर. म्हटले, खरी कॉर्नरला जा आणि तिथला कॅमेऱ्याचा स्तंभ नीट बघून या.

तो स्तंभ बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण आहे. बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. जन्म 1890 चा, कोल्हापुरातच. ते आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’साठी त्यांनी रंगवलेल्या पडद्यांचा त्या काळी मोठा बोलबाला होता. 1913 साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, आणि या दोघांना पडद्यावरच्या स्थिर अरण्याऐवजी हलणारे अरण्य दिसू लागले. त्यांनी मुंबईहून प्रोजेक्टर आणला, खेळ दाखवायला सुरुवात केली, पण मन त्यात रमेना. दुसऱ्यांची चित्रे दाखवायची ती किती दिवस? चित्र आपण काढायचे, तर कॅमेरा हवा. विलायती कॅमेऱ्याला पैसे नव्हते. मग कॅमेराच करायचा, असे ठरले!

हे धाडस केवढे होते, ते यंत्राकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. सिनेमाचा कॅमेरा म्हणजे नुसती पेटी आणि भिंग नव्हे. आतली फीत क्षणभर थांबली पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत आला पाहिजे, झडप मिटली की आकड्याने फीत एक घर पुढे ओढली पाहिजे, आणि पुन्हा थांबवली पाहिजे. हे एका सेकंदात पंधरा-सोळा वेळा व्हायचे, तेही हाताने दांडा फिरवून. दातांत केसभर फरक पडला तर पडद्यावर सगळे चित्र थरथरते. प्रोजेक्टरमध्येही फितीची चाल जवळजवळ अशीच असते. तो समोर होता, तो खोलून पाहता येत होता. पाहून तसेच करायचे, ही कोल्हापूरच्या कारागिराची जुनी खोड. आजचे उद्यमनगर तरी वेगळे काय करते?

हे काम अर्धे असताना 1916 साली आनंदराव गेले. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. बाबूरावांच्या मदतीला विष्णुपंत दामले उभे राहिले, आणि 1918 साली कॅमेरा चालू झाला. इथे जरा थांबून विचार करा. कॅमेरा घडू लागला तेव्हा कंपनीच नव्हती. मग पगार कुठला? चित्र निघेल की नाही याची हमी नाही, निघाले तर लोक पाहतील याचीही नाही. तरी माणसे येत राहिली. साहेबमामा फत्तेलाल आले. तानीबाई कागलकर या गायिकेने पैसे पुरवले; शाहू महाराजांचाही आधार मिळाला.

7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्यात ‘सैरंध्री’ लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले, हे सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र दोन बायकांविषयी सांगायचे आहे. फाळक्यांच्या तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले होते. ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनसूयाबाई उभ्या राहिल्या, पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी. त्यापायी त्यांच्या समाजाने त्यांना दूर लोटले आणि त्यांना स्टुडिओतच राहावे लागले. हौसेने केलेल्या कामाची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. आपण पुरुषांच्या कष्टाच्या कथा रंगवून सांगतो, आणि या दोघींना एका ओळीत उरकतो.

पुढे शांताराम वणकुद्रे हा विशीच्या आतबाहेरचा मुलगा कंपनीत आला. पडेल ते काम करीत शिकला. 1921 च्या ‘सुरेखा हरण’मध्ये तो कृष्ण झाला आणि 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावलेला शेतकरी. ही कंपनी म्हणजे एक तालीमच होती. वस्तादाने डाव दाखवायचा, पठ्ठ्याने घाम गाळायचा.

पण तालमीत एक प्रश्न कुणी विचारत नाही, आणि आमच्या मुलांनीही तो मला विचारला नव्हता. गेम चालला, तर तो कुणाचा?

परदेशात काहींनी याचे उत्तर आधीच लिहून ठेवले. 2003 साली डेव्हिड व्हाइट यांनी सुरू केलेला ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा गेम देशोदेशीच्या हौशी माणसांनी मिळून वाढवला. त्याचा परवाना मुक्त आहे. उद्या मूळ माणूस बाजूला झाला तरी बाकीच्यांना ते काम पुढे नेता येते. कोल्हापुरात असे काही लिहिलेले नव्हते. गुरूवर श्रद्धा होती, तोच करार. बाबूराव शिष्यांना अडवीत होते असेही नाही. 1927 चा ‘नेताजी पालकर’ शांतारामांनी दिग्दर्शित केला, 1928 चा ‘महारथी कर्ण’ दामले-फत्तेलालांनी. तरीही कंपनी ओळखली जाई ती एकाच नावाने.

1 जून 1929 रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर या चौघांनी, सीतारामपंत कुलकर्णी या सराफांना घेऊन, कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. पाच जण, पाचही भागीदार. याला कुणी गुरुद्रोह म्हटले तर मला ते पटत नाही. दहा वर्षे पठ्ठा म्हणून राबल्यावर माणसाला आपला आखाडा हवासा वाटला, तर त्यात पाप कसले? बाबूरावांचे दुःखही खोटे नव्हते. हातांनी घडवलेल्या माणसांचे जाणे कॅमेरा मोडण्यापेक्षा वाईट. दोन वर्षांत महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. आणि भागीदारीनेही सगळे सुटते असे नाही बरे का! ‘प्रभात’मधून आधी धायबर बाहेर पडले, 1942 साली शांतारामही.

आमच्या मुलांनी हे सारे ऐकून घेतले आणि नंतर दोन दिवस आपसात भांडली. अखेर एका वहीच्या पानावर कुणाचे काय काम, कुणी सोडून गेल्यास त्याच्या चित्रांचे आणि चालींचे काय, नावे कोणत्या क्रमाने, हे लिहून खाली सह्या केल्या. संगीतवाल्या मुलीने आपले नाव वर्णक्रमाने लावून घेतले, शेवटी नको म्हणाली.

बाबूराव पुन्हा उभे राहिले. 1936 साली त्यांनी कोल्हापुरातच, शालिनी सिनेटोनसाठी, ‘सावकारी पाश’ नव्याने केला. या वेळी बोलका. जुने गडी सोबत नव्हते. त्याच वर्षी पुण्याच्या ‘प्रभात’मधून दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला.