चुनखडीचा चुरा

चुनखडी हा गाळाचा खडक फोडून, दळून आणि चाळून मिळणारा माल. त्यातील मुख्य खनिज कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मोस मापश्रेणीवर त्याची कठिनता 3 आहे. हा खडक बेसाल्टापेक्षा बराच मऊ असल्याने दळायला सोपा जातो. सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब पडताच तो फसफसतो. सुमारे 900° से. तापमानाला भाजल्यास कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि 100 किलो शुद्ध चुनखडीपासून 56 किलो कळीचा चुना उरतो. हा चुना पाण्यात उकळतो, कातडी भाजतो. न भाजलेला चुरा मात्र संथपणे काम करतो.

महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्टाने व्यापलेला असल्याने इथली रस्त्याची खडी सहसा काळ्या दगडाची असते. चुनखडीचे मोठे साठे चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत आहेत. गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस येथील सिमेंट कारखाने त्यामुळेच उभे राहिले. एक टन क्लिंकरला साधारण दीड टन चुनखडी लागते.

चुऱ्याचा उपयोग ठरतो तो कणांच्या आकारावरून. एक सेंमी. बाजूचा घन एक मिमी.च्या घनांत फोडला, तर पृष्ठभाग 6 चौ. सेंमी.वरून 60 चौ. सेंमी. होतो आणि रासायनिक क्रियेचा वेग त्याच मानाने वाढतो. झोतभट्टीत लोहखनिजातील वाळूमाती धातुमळीच्या रूपाने बाहेर काढण्यासाठी चुनखडी घालतात. तिथे ढेकळेच हवीत, कारण भुकटीने वायूंची वाट बुजते. उलट, औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातील सल्फर डाय-ऑक्साइड शोषण्यासाठी पिठासारखी भुकटी पाण्यात कालवून फवारतात. त्यातून जिप्सम मिळते. कोळसा खाणीत ही भुकटी बोगद्यांत पसरतात. स्फोटाच्या झोताने ती कोळशाच्या धुळीबरोबर उडते, उष्णता शोषते आणि आग पुढे जाऊ देत नाही. या साध्या उपायाने खाणकामगारांचे प्राण वाचतात. काच, रंग, कागद आणि पीव्हीसी नळ यांतही भुकटी वापरतात.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांना चुनखडीची भरड कणी मानवते. ती पेषणीत थांबून रात्रभर हळूहळू विरघळते, आणि कवच मुख्यतः रात्रीच तयार होते.

शेतीत चुऱ्याचे काम आम्लता घालवण्याचे. कोकणात मुसळधार पावसाने जांभ्या मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम वाहून जातात. सामू 5.5च्या खाली गेला की विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांना मारक ठरते आणि स्फुरद अडकून पडते. चुऱ्याने सामू वाढतो, ॲल्युमिनियम अविद्राव्य होते. त्यासाठी चुरा बारीक हवा. भरड कण वर्षानुवर्षे तसेच राहतात. पेरणीच्या काही आठवडे आधी तो मातीत नीट मिसळावा. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची उदासिनीकरण क्षमता 100 धरतात. डोलोमाइटची सुमारे 108 असते आणि त्यातून मॅग्नेशियमही मिळते. मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवावी.

देशावरच्या आणि विदर्भातल्या काळ्या जमिनीत हा सल्ला लागू करणे घातक आहे. तिथे चुनखडी मुळातच भरपूर असते. आणखी घातली तर लोह पिकाला मिळत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात. उसातला केवडा हे त्याचे ओळखीचे रूप. अशा जमिनीला सेंद्रिय खत आणि लोहाची फवारणी उपयोगी पडते.