२०३५ : एका पाठदोषाची कथा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच हाताखाली याच विद्यालयात मी मराठी शिकलो. कोणतेही विधान वाचले की ते कोठून आले हे विचारण्याची सवय त्यांनी आम्हाला लावली. पुढे आयुष्यभर जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्याचे काम मी त्या सवयीच्या बळावर केले. एकदा मात्र ती सवय मी विसरलो, आणि आजचे व्याख्यान ही त्याची कबुली आहे.

हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे भाकीत चुकीचे होते असे २०१०च्या जानेवारीत जाहीर झाले. त्या आठवड्यात महाविद्यालयाच्या वर्गात मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, हवामानबदलाचा हा सारा गवगवा म्हणजे निव्वळ बागुलबुवा आहे. मुले हसली, आणि मला ते हसणे आवडले. मूळ कागद मी पाहिलेले नव्हते. ते पाहिले निवृत्तीनंतर, आणि एखाद्या पोथीची वंशावळ लावावी तशी त्या आकड्याची वंशावळ माझ्यासमोर उभी राहिली.

आयपीसीसी या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचा चौथा अहवाल २००७ साली निघाला. त्याच वर्षी या मंडळाला नोबेल शांतता पारितोषिकही विभागून मिळाले. अहवालाच्या दुसऱ्या खंडातील आशियाविषयीच्या दहाव्या प्रकरणात ते विधान होते. त्याला आधार होता एका निसर्गसंरक्षक संस्थेच्या २००५च्या अहवालाचा. आणि त्या अहवालाला आधार होता एका विज्ञान साप्ताहिकातील १९९९च्या वृत्ताचा. म्हणजे संशोधनाचा मूळ ग्रंथ कोठेच नव्हता. नकलेवरून नक्कल झाली होती.

दहाव्या प्रकरणातच आणखी एक खूण सापडते. हिमनद्यांचे क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरवरून एक लाखावर येईल, असे तेथे म्हटले आहे. हिमालयात एवढ्या हिमनद्या मुळी नाहीतच. हे आकडे रशियन हिमशास्त्रज्ञ कोत्ल्याकोव्ह यांच्या १९९६च्या अहवालात आढळतात; तेथे ते ध्रुवप्रदेश वगळून साऱ्या पृथ्वीविषयी आहेत, आणि वर्ष दिले आहे २३५०. अंकांची अदलाबदल होऊन २३५०चे २०३५ झाले असावे, असा तर्क अभ्यासकांनी केला. ज्याने हस्तलिखिते हाताळली आहेत, त्याला लेखनिकाचा असा प्रमाद नवा नाही.

यात एक खेदाची गोष्ट आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांचा निबंध २००९च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केला. हिमनद्यांची माघार असाधारण वेगाने होत असल्याचा पुरावा दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मंडळाच्या अध्यक्षांनी तो निबंध तिखट शब्दांत झिडकारला. दोनच महिन्यांनी, २० जानेवारी २०१० रोजी, मंडळाला त्या परिच्छेदाबद्दल खेद व्यक्त करावा लागला. शंका घेणाऱ्याला उत्तर देण्याऐवजी त्याचा अधिक्षेप केला, की सत्यपक्षाचीही पत जाते.

मग तो बागुलबुवाच होता काय? येथे माझी चूक सुरू होते. तीन खंडांतील एका परिच्छेदाचा पाठ अशुद्ध निघाला म्हणून मी सारा ग्रंथच खोटा ठरविला होता. हिमनद्यांच्या भौतिक शास्त्राची चर्चा करणाऱ्या पहिल्या खंडात ते वर्ष नव्हते. धोरणकर्त्यांसाठी काढलेल्या सारांशातही नव्हते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, नाथांना ज्ञानेश्वरीच्या प्रती अशुद्ध झालेल्या आढळल्या. त्यांनी ग्रंथ टाकला नाही, पाठ शोधून शुद्ध केला. हे मी वर्षानुवर्षे शिकविले, आणि प्रसंग आला तेव्हा मीच विसरलो.

शुद्ध पाठ पुढे मिळाला, तोही एका जुन्या दप्तरातून. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या हेर उपग्रहांनी घेतलेली छायाचित्रे पुढे खुली झाली. त्यांच्या आधारे हिमालयातील सुमारे ६५० हिमनद्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. १९७५ ते २००० या काळात बर्फ ज्या गतीने घटले, त्याच्या सुमारे दुप्पट गतीने ते २००० नंतर घटले, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्याच वर्षी काठमांडू येथील पर्वतविकास केंद्राने प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनानुसार, तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातील एकतृतीयांश बर्फ या शतकाच्या अखेरीपर्यंत जाईल; उत्सर्जन असेच चालू राहिले तर दोनतृतीयांश. काराकोरममधील कित्येक हिमनद्या दीर्घकाळ जवळजवळ स्थिर राहिल्या, हेही संशोधकांनीच नोंदविले आहे. भय वाढविण्यासाठी ते लपवू नये, आणि भय नाकारण्यासाठी तेवढेच पुढे करू नये.

आपण इंदूरकर नर्मदेचे पाणी पितो. ती अमरकंटकाला उगम पावते. तिच्यात हिमनदीचा थेंब नाही. गंगेतही बहुतांश पाणी पावसाचे असते. सिंधूच्या खोऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तेथील शेती बर्फाच्या पाण्यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. ‘साऱ्या नद्या आटणार’ असे म्हणणे अतिशयोक्त, आणि ‘काहीच होणार नाही’ असे म्हणणे असत्य.

२०३५ आता फार दूर नाही. त्या वर्षी हिमालयात हिमनद्या असतील, आणि ‘पाहा, कोठे काय झाले?’ असे विचारून कोणी वर्गात हशा मिळवील. तेव्हा मी असेन वा नसेन. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी त्या वर्गात असेल, तर त्याने उठून नम्रपणे सांगावे की, चूक वर्षाची होती, दिशेची नव्हती. २०१०च्या माझ्या वर्गात असे सांगणारा कोणी उठला नाही. कारण तसे उठायला मीच त्यांना शिकविले नव्हते.