डॉकेटची मागची बाजू

माझ्या घरी माळ्यावर खाकी कागदाचं एक मोठं पाकीट आहे. आत आता काहीच नाही, पण मी ते टाकलेलं नाही. पाकिटाच्या तोंडावर छापील चौकट आहे: क्लायंट, जॉब नंबर, दैनिक की मासिक, साइज, भाषा, ब्रीफ आल्याची तारीख, क्लोजिंग. त्याखाली सह्यांची घरं: कॉपी, आर्ट, स्टुडिओ, सर्व्हिसिंग, प्रॉडक्शन, क्लायंट ओके. मुंबईच्या जाहिरात एजन्सीत याला डॉकेट म्हणत. कुठे जॉब जॅकेट, कुठे जॉब बॅग. १९८३ साली मी टायपिस्ट म्हणून फोर्टमधल्या एका एजन्सीत लागले आणि दीड वर्षातच मला ट्रॅफिकमध्ये घेतलं. पुढची चौतीस वर्षं मी तेच काम केलं. एजन्सी बदलल्या, पाकिटाची जागा संगणकाने घेतली, कामाचं नाव बदललं, पण काम तेच राहिलं: कोणत्या क्लायंटचं कोणतं काम आत्ता कोणाच्या टेबलावर आहे, हे कोणत्याही क्षणी सांगता येणं.

आज ज्यांना वर्कस्पेस म्हणतात त्या सॉफ्टवेअरांबद्दल मुलं बोलतात तेव्हा ही गोष्ट काल सुरू झाली असं त्यांना वाटतं. ती किती जुनी आहे, आणि मधे नेमकं काय बदललं, ते मला सांगायचं आहे.

दिवस रजिस्टरपासून सुरू होई. लांब, जाड, कापडी पुठ्ठ्याचं जॉब रजिस्टर. सर्व्हिसिंगचा माणूस क्लायंटकडून ब्रीफ घेऊन आला की आधी माझ्याकडे नंबर घ्यायला यायचा. क्लायंटची तीन अक्षरं, वर्ष, अनुक्रमांक. नंबर पडल्याशिवाय कॉपीरायटरने पेन उचलायचं नाही, असा नियम होता आणि तो मी पाळून घेतला. मग पाकीट फिरायचं. कॉपी टाइप होऊन आत पडे, आर्ट डायरेक्टरचा ले-आउट पडे, टाइपसेटरकडून आलेले ब्रोमाइड पडत. स्टुडिओत पेस्ट-अप करणारी मुलं रबर सोल्युशनने ते ब्रोमाइड पांढऱ्या बोर्डावर चिकटवत, वर ट्रेसिंग पेपरचं झाकण लावत आणि झाकणावर पेन्सिलीने सूचना लिहीत. एकच जाहिरात आठ-नऊ भाषांत जायची असेल तर प्रत्येक भाषेला पोटनंबर आणि प्रत्येकीचं क्लोजिंग, म्हणजे जाहिरात पोचवायची शेवटची तारीख, वेगळं. काही छोट्या गावांतली दैनिकं स्टिरिओ, म्हणजे छपाईचा ओतीव ठसा, मागत, तो करायला दोन दिवस, पोचायला तीन. हे सगळे दिवस उलटे मोजून आजची तारीख काढायची आणि आर्ट डायरेक्टरच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं.

त्या टेबलांवर थोर माणसं बसून गेली. अरुण कोलटकरांनी पोटापाण्यासाठी याच धंद्यात व्हिज्युअलायझर आणि आर्ट डायरेक्टर म्हणून काम केलं, र. कृ. जोशी अनेक वर्षं उल्का या एजन्सीत होते. दोघांवर लिहिलं गेलं आहे आणि अजून लिहिलं जायला हवं. पण बोर्ड वेळेवर ब्लॉकवाल्याकडे पोचवणाऱ्यांविषयी, चर्चगेटच्या गर्दीत ओलं आर्टवर्क डोक्यावर धरून धावणाऱ्या प्यूनांविषयी कुठे काही सापडत नाही. या लेखामागे ती एक चुटपुट आहे.

आता मुख्य मुद्दा. डॉकेट क्लायंटने कधीही पाहिलं नाही. 'क्लायंट ओके'च्या घरात सही व्हायची तीसुद्धा बहुतेक वेळा आमच्याच माणसाची, क्लायंटने बोर्डाच्या झाकणावर मारलेल्या सहीवरून. पाकीट आतल्या घराचं. किती ले-आउट फाडले, कोण आजारी पडलं, काम चार दिवस कुठे अडकलं, हे सगळं पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेलं असे, आणि ती बाजू भिंतीकडेच राही. क्लायंटला दिसे ते फक्त तयार काम.

याला कारण होतं, आणि ते पैशाचं होतं. जाहिरात एजन्सी हा धंदा मुळात वर्तमानपत्रांचा दलाल म्हणून जन्मला. फिलाडेल्फियात व्होल्नी पामर १८४०च्या दशकात वर्तमानपत्रांच्या वतीने जागा विकायचा आणि आपला वाटा वर्तमानपत्राकडूनच घ्यायचा. त्याच शहरातल्या एन. डब्ल्यू. एअर अँड सन या एजन्सीने १८७०च्या दशकात 'खुला करार' आणला: वर्तमानपत्र आम्हाला किती भाव लावतं ते जाहिरातदाराला दाखवायचं आणि त्यावर ठरलेलं कमिशन घ्यायचं. एजन्सीच्या खोलीत क्लायंटने पहिल्यांदा डोकावलं ते तेव्हा, असं मी मानते. त्याला भाव दिसला. काम कसं होतं ते मात्र अजून दिसलं नाही.

आपल्याकडे गिरगावात बी. दत्ताराम अँड कंपनी १९०५ मध्ये निघाली. मी गिरगावातच वाढले, म्हणून हे नाव मला नेहमी घरचं वाटत आलं आहे. शिवडीत जनरल मोटर्सने गाड्या जोडण्याचा कारखाना काढला आणि तिच्या मागोमाग १९२९ मध्ये जे. वॉल्टर थॉम्पसन मुंबईत आली. परदेशी एजन्सींबरोबर त्यांचे छापील फॉर्म आणि मेमो आले असणार, डॉकेटही त्यातलंच असावं, असा माझा अंदाज. पुढे वर्तमानपत्रांची संस्था १९३९ मध्ये उभी राहिली आणि तिची मान्यता असलेल्या एजन्सीला पंधरा टक्के हा दर रुळला. हिशेब सोपा: लाख रुपयांची जागा घेतली तर क्लायंट एजन्सीला लाख देणार, एजन्सी वर्तमानपत्राला पंच्याऐंशी हजार भरणार, पंधरा हजार आपले. त्या पंधरा हजारांत ले-आउट दोन झाले की बारा, हे कोणी विचारत नसे. वेळ मोजलाच जात नव्हता, मग दाखवायचा कशाला? भिंत उभी राहिली ती या पंधरा टक्क्यांवर.

भिंतीचे तोटे मी भोगले आहेत. १९८६ची दिवाळी. एका दुकानाच्या सेलची जाहिरात तीन भाषांत जायची होती. दुपारी क्लायंटकडून फोन आला, सेल एक दिवस आधी सुरू होणार. फोन मी घेतला नव्हता, पण निरोप माझ्यापर्यंत आला आणि डॉकेटच्या मागे मी लिहिलं: 'तारीख बदलली, फोनवर, ४.२०'. इंग्रजी आणि मराठी बोर्डांवर दुरुस्ती झाली. गुजराती बोर्ड तेव्हा स्टुडिओत नव्हताच, वाचायला बाहेर भाषांतरकाराकडे गेला होता. तो संध्याकाळी परत आला आणि तसाच प्रॉडक्शनला गेला. दुसऱ्या दिवशी गुजराती वाचणारं गिऱ्हाईक दुकानात आलंच नाही. क्लायंट म्हणाला, आम्ही तुम्हाला कळवलं होतं. खरंच होतं. पण कोणी कळवलं, आमच्यातल्या कोणी ऐकलं, तिन्ही भाषांना लागू आहे हे कोणी कोणाला सांगितलं? माझ्या त्या ओळीत वेळ होती, माणूस नव्हता. जाहिरात एजन्सीच्या खर्चाने पुन्हा छापावी लागली. मला कोणी फार बोललं नाही, तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून मी मागच्या बाजूला नाव आणि आद्याक्षरं घातल्याशिवाय एक ओळ लिहिली नाही, आणि फोनवरची दुरुस्ती लेखी आल्याशिवाय स्टुडिओत जाऊ दिली नाही. माळ्यावरचं पाकीट तेच आहे.

संगणक या धंद्यात आला तो आधी पैशाच्या बाजूने. न्यूयॉर्कमध्ये डोनोव्हन डेटा सिस्टिम्स १९६७ मध्ये निघाली ती एजन्सींची मीडियाची अंदाजपत्रकं आणि बिलं करण्यासाठी. आमच्याकडेही पहिला संगणक अकाउंट्समध्ये बसला, काचेच्या खोलीत, चप्पल बाहेर काढून जायचं. मग स्टुडिओत मॅकिंटॉश आले आणि चार-पाच वर्षांत रबर सोल्युशनचा वास संपला. पाकिटात ठेवायला बोर्डच राहिला नाही. १९९५च्या ऑगस्टमध्ये विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. काही वर्षांत आर्टवर्क ई-मेलने जायला लागलं आणि डॉकेट रिकामं फिरू लागलं. रिकामं पाकीट कोणी फिरवत नाही. २००० उजाडेपर्यंत आमच्याकडे ते बंद झालं.

पण डॉकेट गेलं त्याहून मोठी गोष्ट त्याच सुमारास घडली. पंधरा टक्के गेले. मोठ्या समूहांनी आपले मीडिया विभाग एजन्सीतून काढून वेगळ्या कंपन्या केल्या. थॉम्पसन आणि ओगिल्व्हीचे मीडिया विभाग एकत्र करून १९९७ मध्ये माइंडशेअर झाली, ते सर्वांत ठळक उदाहरण. जागा विकत घेणारी कंपनी एक, जाहिरात करणारी दुसरी. मग जाहिरात करणाऱ्यांनी कशाचे पैसे मागायचे? वेळेचे. महिन्याची फी, आणि फीच्या पाठीशी टाइमशीट. ज्या आर्ट डायरेक्टरांना मी वीस वर्षं तारखा सांगत होते, त्यांच्याकडून मी आता दर शुक्रवारी तास मागायला लागले. फार थोड्यांनी खुशीने दिले. वेळ विकायला काढला की तो दाखवावा लागतो, आणि दाखवायचा तर भिंतीला खिडकी पाडावी लागते. मला वाटतं आजच्या सगळ्या सॉफ्टवेअरचं मूळ इथे आहे, संगणकात नाही.

ती खिडकी पाडली एका एजन्सीनेच, आणि ही गोष्ट मला फार आवडते. शिकागोतली थर्टीसेव्हन सिग्नल्स ही १९९९ची छोटी कंपनी, क्लायंटांना वेबसाइट करून देणारी. चार माणसं, पुष्कळ क्लायंट, आणि सगळं ई-मेलमध्ये विखुरलेलं. कोणती दुरुस्ती आली, कोणी ओके केलं, काही सापडेना. त्यांनी स्वतःपुरतं एक साधन बनवलं. प्रोग्रामिंग केलं डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश विद्यार्थ्याने, कोपनहेगनमध्ये बसून. क्लायंटांनी ते पाहिलं आणि म्हणाले, हे आम्हालाही हवं. २००४च्या फेब्रुवारीत ते बेसकॅम्प नावाने विक्रीला आलं. त्याच कामातून निघालेली रुबी ऑन रेल्स ही चौकट पुढे जगभर वापरली गेली.

पहिल्या बेसकॅम्पमध्ये मुख्य गोष्टी तीनच: निरोप, कामांची यादी आणि टप्प्यांच्या तारखा. मी ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. तारखा म्हणजे क्लोजिंगचं घर. यादी म्हणजे सह्यांची घरं. आणि निरोप म्हणजे पाकिटाची मागची बाजू. फरक एवढाच की आता क्लायंटलाही पासवर्ड होता. मागची बाजू त्याच्याकडे वळली होती. आमच्यातल्या सर्व्हिसिंगच्या लोकांना हे मुळीच रुचलं नाही, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं: अर्धवट काम पाहून घाबरणारा क्लायंट चांगलं काम मारतो. म्हणूनच पुढच्या आवृत्त्यांत क्लायंटला काय दिसावं आणि काय आपल्यापुरतं राहावं, हे निवडण्याची सोय करावी लागली. खिडकीला पडदा आला. आणि पडदा कधी ओढायचा हे ठरवणारं माणूस पुन्हा लागलंच. ट्रॅफिकचं नाव तोवर 'प्रोजेक्ट मॅनेजर' झालं होतं.

नंतरची यादी सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रेलो २०११, स्लॅक २०१४, नोशनची आज दिसते तशी आवृत्ती २०१८. ट्रेलोचे उभे रकाने मला सर्वांत जवळचे, कारण माझ्या टेबलामागच्या भिंतीवर मी डॉकेटं तशीच लावत असे, कॉपी, आर्ट, स्टुडिओ, एकेका खिळ्याला. बाकी आपल्याकडे खरं राज्य व्हॉट्सॲपचं. ग्रुपमध्ये रात्री साडेअकराला 'थोडा लोगो मोठा करा' येतं, सकाळपर्यंत त्यावर चाळीस निरोप साचतात. १९८६चा फोन परत आला आहे, फक्त तो आता लिहून येतो आणि तरी हरवतो.

माझ्या भाचीची पुण्यात एरंडवण्यात एजन्सी आहे, सहा जणांची. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे राहायला गेले तेव्हा तिने नोशनवर क्लायंटांचा बोर्ड मांडून दाखवला. क्लायंट, काम, स्थिती, शेवटची तारीख, फायली, क्लायंटसाठी वेगळं पान. नीटनेटकं, सुंदर काम. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "अगं, हा बदल कोणी सांगितला?"

"क्लायंटने, मावशी."

"क्लायंट म्हणजे कोण? आणि ऐकलं कोणी?"

तिने व्हॉट्सॲप उघडलं. वर, खाली, पुन्हा वर. जेवायला बोलावणं आलं तरी शोधत होती. मग काही न बोलता बोर्डावर एक नवा रकाना ओढला आणि मी सांगेन तसं नाव टाइप करत गेली: 'कोणी सांगितलं, कोणी ऐकलं, किती वाजता'.